हप्त्यावरची पिढी

पिढ्यांचा हिशेब आपल्याकडे पूर्वी घराण्यापुरता असे. आजोबांची पिढी, वडिलांची पिढी, आमची पिढी, एवढ्यावर काम भागत असे. जन्मवर्षांचे आकडे लावून अख्ख्या देशातील माणसांना एका पिढीत बसविण्याची रीत अमेरिकेतून आली. विल्यम स्ट्रॉस आणि नील हाऊ या दोघा अमेरिकन लेखकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ‘मिलेनियल’ हा शब्द पुढे आणला. २००० सालाच्या सुमारास जी मुले शाळा संपवून जगात पाऊल टाकतील, त्यांच्यासाठी तो होता. पुढे तिकडच्याच प्यू या संशोधन संस्थेने १९८१ ते १९९६ अशी जन्मवर्षांची चौकट घातली आणि आता बहुतेक लोक तीच धरतात. मराठीत ‘सहस्रकाची पिढी’ म्हणावे तर शब्द तोंडात मावत नाही. तेव्हा मिलेनियल हाच शब्द आम्ही येथे वापरणार आहोत. एक गोष्ट मात्र आरंभीच ध्यानात घ्यावी. वर्तमानपत्रांत ‘आजची तरुण पिढी’ म्हणून जिचे कौतुक किंवा निंदा चालते, ती पिढी आता तितकीशी तरुण राहिलेली नाही. तिच्यातील थोरली माणसे पंचेचाळिशीला टेकली आहेत आणि धाकट्यांनी तिशी गाठली आहे. घरात शाळेत जाणारी मुले आहेत, औषधाच्या गोळ्या मोजणारे आईवडील आहेत. आपण ज्यांना पोरे म्हणतो, ती आता कर्ती माणसे आहेत.

आम्ही आयुष्य कामगार चळवळीत घालविले. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा ‘पिढी’ या शब्दाविषयी आमच्या मनात थोडा संशय असणे स्वाभाविक आहे. कारखानदाराचा मुलगा आणि त्याच कारखान्यातील कंत्राटी कामगाराचा मुलगा एकाच वर्षी जन्मला, म्हणून दोघांच्या विवंचना एक होत नाहीत. एकाला घराण्याची जमीन मिळते, दुसऱ्याला घराण्याचे कर्ज. असे असले तरी हा शब्द अगदीच टाकाऊ नाही. माणूस कारखान्याच्या गेटवर कोणत्या तारखेला येऊन उभा राहिला, यावर त्याच्या आयुष्याचा पुष्कळसा भाग ठरतो. पाच वर्षे आधी आलेला कायम होतो, पाच वर्षे नंतर आलेला कंत्राटी राहतो. दोघांचे कसब सारखे, यंत्र सारखे, घामही सारखाच. पिढी या शब्दाचा आम्हाला पटणारा अर्थ एवढाच आहे.

आता ज्या प्रसंगाने हा विषय आमच्या दारात आणून टाकला तो सांगतो. २०१९ साली मोटारींचा खप कोसळला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली. १० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या घसरणीची जी कारणे सांगितली, त्यांत एक कारण असे होते की, मिलेनियल पिढीची मनोवृत्ती बदलली आहे. मोटारीच्या हप्त्यात अडकण्यापेक्षा ओला, उबर किंवा मेट्रो यांनी जाणे ती पसंत करते. या विधानावर त्या वेळी थट्टा पुष्कळ झाली. थट्टेत आम्हाला रस नव्हता. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तेव्हा कारखाने आठवड्यातून काही दिवस बंद राहू लागले होते आणि कंत्राटी मुलांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगण्यात येत होते. ही मुले म्हणजेच ती मिलेनियल पिढी. मोटारी बनविणारीही तीच आणि मोटारी घेत नाही म्हणून जिच्याकडे बोट दाखविले गेले तीही तीच. ज्याला पुढच्या महिन्याची हजेरी लागेल की नाही याची खात्री नाही, त्याने पाच वर्षांच्या हप्त्यावर सही करावी कशी, हा साधा प्रश्न होता. पुढे काय झाले तेही पाहा. २०२३-२४ या वर्षात देशात ४२ लाखांहून अधिक प्रवासी वाहने विकली गेली. तोवरचा तो उच्चांक होता. चार वर्षांत एका पिढीची मनोवृत्ती उलटीपालटी होत नाही. तेव्हा या पिढीचे मन समजून घ्यावयाचे असेल, तर आधी तिची वेतनचिठ्ठी वाचली पाहिजे.

परंतु वेतनचिठ्ठीकडे जाण्यापूर्वी काही तारखा सांगणे भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच मागे हटल्या. या पिढीतील सर्वांत थोरले मूल तेव्हा एक वर्षाचे होते. १९९१ साली नवे आर्थिक धोरण आले, तेव्हा ते मूल प्राथमिक शाळेत होते. ते कामाच्या वयाला आले आणि ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला की, एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली, तरी त्या कामावरचे कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत. त्याआधी १९९६ च्या एअर इंडिया खटल्यातील निकालाने जी वाट उघडली होती, ती या निकालाने बंद झाली. सरकारी नोकरीचे दार त्यातल्या त्यात शाबूत होते. पण १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या सेवेत येणाऱ्यांना जुने, ठरलेल्या रकमेचे पेन्शन बंद झाले. म्हणजे एका बाजूने कायम नोकरी आकसत होती, दुसऱ्या बाजूने कायम नोकरीत जे मोल होते ते कमी होत होते आणि नेमकी त्याच वेळी ही पिढी रांगेत येऊन उभी राहिली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, तेव्हा शहरातील बऱ्याच सुशिक्षितांना राग आला होता. ‘यांना अजून किती हवे?’ असे आम्ही आमच्या कानांनी ऐकले. त्या संपातील पुष्कळ शिक्षक आणि परिचारिका याच पिढीच्या होत्या आणि त्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याइतकेच मागत होत्या. पुढे केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय दिला. मागणी अगदीच अवास्तव नव्हती असे यावरून दिसते.

आता वेतनचिठ्ठी. मुलाला नोकरी लागली की घरात पेढे वाटले जातात आणि कोणीतरी विचारतो, ‘पॅकेज किती?’ हा शब्द आमच्या उमेदवारीच्या काळात पुड्या बांधणाऱ्यांच्या तोंडी असे. पॅकेज म्हणजे पगार नव्हे. कंपनीला त्या माणसापायी वर्षाला जो एकूण खर्च येतो, तो आकडा म्हणजे पॅकेज. उदाहरणादाखल ३ लाख ६० हजारांचे पॅकेज घेऊ. म्हणजे महिन्याला ३० हजार. मूळ वेतन १५ हजार धरू. त्यावर मालकाने भरावयाचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, हा त्या ३० हजारांतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याला सुमारे ७२० रुपये, तेही त्यातच. वर्षअखेरीस ‘कामगिरी पाहून’ द्यावयाची रक्कम महिन्याला २,४०० धरली, तर तीही त्यातच. आणि कामगिरी पाहणारा डोळा मालकाचा. उरले सुमारे २५ हजार. त्यातून कामगाराचा स्वत:चा फंड १,८००, व्यवसाय कर २००, विम्याचा हप्ता ५०० कापला, की हातात साडेबावीस हजार येतात. सोयऱ्याधायऱ्यांत सांगितले तीस, दुकानदाराला द्यावयाला आहेत साडेबावीस. या साडेसात हजारांच्या पोकळीत कितीतरी संसारांची घडी विसकटलेली आम्ही पाहिली आहे. कारण खोली, मोटारसायकल आणि लग्न ही तीस हजारांच्या प्रतिष्ठेने ठरतात.

ग्रॅच्युइटीची तर आणखीच गंमत आहे. १९७२ च्या कायद्याने ती पाच वर्षे सलग सेवा झाल्याशिवाय मिळत नसे. चौथ्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याच्या नावे ती दरमहा मोजली गेली आणि त्याच्या हाती कधीच पडली नाही. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. त्यांत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनात धरावा असे म्हटले आहे. या संहितांतील इतर पुष्कळ गोष्टींशी आमचे भांडण आहे, ते या व्यासपीठावर काढीत नाही. पण ही दोन कलमे प्रत्येक तरुणाने पाठ करावीत.

‘ही मुले एका नोकरीत टिकत नाहीत’ अशी तक्रार व्यवस्थापकांच्या तोंडून नेहमी येते. वाढ जागेवर बसून मिळत नाही, नोकरी बदलली की मिळते, हे त्यांना व्यवस्थापकांनीच शिकविले. निष्ठेचा जो करार पूर्वी होता, त्यात कामगार तीस वर्षे देत असे आणि कारखाना घड्याळ, पेन्शन व मुलाला भरतीत प्राधान्य देत असे. कारखान्याने आपली बाजू काढून घेतली. कामगाराने आपली का ठेवावी? मात्र या उड्यांत एक खड्डा आहे. नोकरी सोडली की फंड काढून घ्यावयाचा, त्यातून बहिणीचे लग्न किंवा मोटारसायकल करावयाची, अशी सवय या पिढीत पसरली आहे. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. या योजनेत पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेने मिळतो. दर तीन वर्षांनी पैसे काढणाऱ्याची दहा वर्षे कधीच भरत नाहीत. त्याचे घड्याळ प्रत्येक वेळी शून्यावर येते. पैसे न काढता खाते नव्या नोकरीत वळविता येते. २०१४ पासून प्रत्येकाला एकच कायम खातेक्रमांक असतो, त्यामुळे ते पूर्वीइतके कटकटीचेही राहिलेले नाही. आता पेन्शन तरी किती? पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०, असे सूत्र आहे. २०१४ साली ठरलेल्या १५ हजारांच्या मर्यादेवर तीस वर्षांची सेवा धरली, तर महिन्याला ६,४०० रुपयांच्या जरा वर. त्याच वर्षी किमान पेन्शन १ हजार ठरविण्यात आले. हजार रुपयांत म्हातारपण कसे काढावयाचे, हे ठरविणाऱ्यांनी काढून दाखविलेले नाही.

या पिढीचा एक गुण येथेच सांगून टाकतो. आमच्या वेळी फंडाची चिठ्ठी वर्षातून एकदा यावयाची, तीही आली तर. एका ठेकेदाराने आमच्या संघटनेतील पोरांच्या पगारातून फंड कापला आणि अकरा महिने भरलाच नाही. पूर्वी हे निवृत्तीच्या वेळी कळले असते. या पोरांनी मोबाइलवर आपले पासबुक उघडले, चित्र काढून ठेवले, एकमेकांना पाठविले आणि एका रात्रीत त्रेसष्ट जणांचा पुरावा आमच्या हातात दिला. फंड कार्यालयात ७-अ कलमाखाली चौकशी लागली ती या कागदांवर. ‘सदोदित मोबाइलमध्ये डोके’ म्हणून त्यांना बोलणाऱ्यांनी हेही पाहावे.

परंतु तोच मोबाइल खिसाही कापतो. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची पद्धत सुरू झाली, त्याच वर्षी सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आले आणि नोव्हेंबरात नोटाबंदी. या तीन गोष्टी एका वर्षात घडल्या आणि पैसा डोळ्यांना दिसेनासा झाला. पूर्वी सात तारखेला पगाराचे पाकीट मिळे, ते घरी आईच्या किंवा बायकोच्या हातात जाई, तेथे त्याच्या पुड्या होत: भाडे, वाणी, दूध, पतपेढी. पुडी रिकामी झाली की हात थांबे. आता पाकीटही नाही आणि पुड्याही नाहीत. चहाचे दहा रुपये आणि मोबाइलचे तीस हजार एकाच बोटाच्या दाबाने जातात. हा स्वभावाचा दोष नव्हे. पैशाने आपले रूप बदलले, त्याचा हा परिणाम आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण अंथरुणाचे टोकच दिसू नये अशी व्यवस्था कोणी केली असेल तर?

हप्त्याचे गणित आम्ही प्रत्येक गेटसभेत सांगतो, येथेही सांगतो. दुकानदार म्हणतो, ‘लाख रुपये घ्या, फक्त १२ टक्के, तीन वर्षे.’ बारा टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज ३६ हजार. १ लाख ३६ हजार भागिले ३६, हप्ता ३,७७८ रुपये. ऐकावयास सरळ वाटते. पण पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत असते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावर घेतलेले असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब मांडला तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. बारा सांगून एकवीस घेणे, याला सभ्य भाषेत सपाट दर म्हणतात. क्रेडिट कार्डाची गोष्ट याहून वाईट. अनेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्के लागतात, म्हणजे वर्षाला बेचाळीस. ‘किमान रक्कम भरा’ असा जो निरोप येतो, तो कर्ज फिटू नये म्हणूनच असतो असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. गिरणीच्या गेटवर पगाराच्या दिवशी काठी घेऊन पठाण उभा राहत असे, हे आमच्या थोरल्यांनी आम्हाला सांगितलेले. त्याचा दर भयंकर होता, पण तो दिसत होता आणि त्याला चुकवून मागच्या दाराने जाता येत होते. मोबाइलवरच्या कर्जवाल्याला मागचे दार नाही. पाच हजारांचे कर्ज देताना तो तुमच्या मोबाइलमधील सगळे नंबर आपल्याकडे घेत असे आणि हप्ता चुकला की मेहुण्याला, सासऱ्याला, मुकादमाला फोन करीत असे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये या कर्जांना नियम घातले, नंबरांच्या यादीला हात लावण्यास मनाई केली. नियमाबाहेरचे लोक अजून संपलेले नाहीत. आमच्याकडे मध्यरात्री आलेले असे काही फोन आम्ही विसरू शकत नाही.

आणि मग या कर्जातून सुटण्यासाठी एक जलद मार्ग शोधला जातो. गिरणगावात मटका होता. या पिढीच्या हातात वायदेबाजार आला. शेअर घेऊन ठेवणे वेगळे आणि येत्या आठवड्यात भाव चढेल की उतरेल यावर पैज लावणे वेगळे. दुसऱ्यालाच मोबाइलवर ट्रेडिंग म्हणतात आणि शब्द इंग्रजी असल्यामुळे तो जुगार वाटत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात वायदेबाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. शंभरात सात सुटले. मटक्यातही एवढेच सुटत असतील. फरक इतकाच की, मटका लावणारा चोरून लावीत असे. आज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मुलगा शेजाऱ्याला हिरवे-तांबडे आकडे अभिमानाने दाखवितो.

घराविषयी थोडक्यात सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी निम्मे त्याच कर्जात आहेत. ३० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षे मुदत: हप्ता सुमारे २६ हजार, एकूण परतफेड साडेबासष्ट लाखांच्या घरात. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजाचे आणि पावणेपाच हजारांच्या आसपास मुद्दलाचे. आता वरचे साडेबावीस हजार आठवा. एका पगारात हप्ताच भरत नाही, तर जेवावयाचे कशावर? म्हणून नवरा-बायको दोघांनी कमावलेच पाहिजे, दोघे कमावतात म्हणून मूल एकच किंवा उशिरा, मूल सांभाळावयास गावाहून आजी येते, आजी आली की आजोबा गावी एकटे. लोक म्हणतात, या पिढीची मूल्ये बदलली. काही बदलली, खरेच. पण पुष्कळ ठिकाणी हप्त्याने संसाराचा आराखडा काढला आणि मूल्ये मागाहून त्यात राहावयास आली. बाप मुलाला कडेवर घेऊन बालवाडीत सोडतो, भांडी घासतो, बायकोच्या रात्रपाळीच्या दिवशी पोळ्या लाटतो. आमच्या पिढीतील क्रांतिकारक पुढाऱ्यांनीही घरी पाण्याचा पेला स्वत: घेतला नव्हता. हा बदल गरजेतून आलेला असो की विचारातून, तो चांगला आहे आणि तो मागे जाईल असे आम्हाला वाटत नाही.

सगळेच घर घेण्याच्या अवस्थेत नाहीत. चाकणच्या आसपास बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याकडून आलेली हजारो मुले कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत सहा जण, पाळ्या वेगळ्या असल्या तर एका कॉटवर दोन जण. डबा मेसचा. महिन्याला काही रक्कम गावी जाते. शेतातील बियाणाला, धाकट्याच्या फीला. त्यांच्यापैकी पुष्कळांपाशी आयटीआयचे किंवा डिप्लोमाचे प्रमाणपत्र आहे, काहींपाशी इंजिनियरिंगची पदवी. ‘नीम’ नावाची एक योजना २०१३ साली निघाली होती. तिच्याखाली ही मुले कामगार नसून ‘शिकाऊ’ होती, म्हणून फंड नाही. त्याच यंत्रावर तीन-तीन वर्षे तेच नट आवळून ती काय शिकत होती, हे आम्ही वारंवार विचारले. ती योजना गुंडाळली गेली. तिची भावंडे दुसऱ्या नावांनी नांदत आहेत. या मुलांना सर्वांत बोचणारा प्रश्न पगाराचा नसतो. गावी स्थळ पाहावयास गेले की मुलीचा बाप एकच विचारतो, ‘पर्मनंट आहे का?’ बत्तीस, चौतीस वर्षांची मुले या एका प्रश्नापुढे मान खाली घालून परत येतात. कायम आणि कंत्राटी हा भेद आम्ही वेतनाचा म्हणून लढत आलो. तो आता लग्नाचा झाला आहे. सोंगे सगळी आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे म्हणतात. पण नोकरीचे सोंगही काहींनी आणले, खोटे ओळखपत्र दाखविले आणि लग्नानंतर जे व्हावयाचे ते झाले. ती घरे आम्ही पाहिली आहेत.

इकडे सुखवस्तू घरातील मिलेनियल, संगणकाच्या कचेरीत बसणारा, याची चिंता निराळी आहे असे वाटते. त्याचा आकडा मोठा आहे एवढेच. त्याच्या कामाला वेळ नाही, अमेरिकेचा दिवस उजाडला की त्याची रात्र सुरू. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले, तेव्हा या कचेऱ्यांतून जो संताप उमटला, तो ऐकून आम्हाला बरे वाटले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. आज जो कोणी ‘वीकएंड’ म्हणून गडावर फिरावयास जातो, त्याला हे नाव ठाऊक असतेच असे नाही. पण मनावरचा ताण हा बोलण्याचा विषय आहे, त्यासाठी डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही, हे या पिढीने उघडपणे म्हटले. आमच्या वेळी असा माणूस दारूच्या गुत्त्यावर जाई आणि सगळे गप्प बसत.

संघटनेत ही मुले का येत नाहीत, असे आम्हाला नेहमी विचारतात. काहींना भीती असते, कंत्राट उद्या संपेल याची. कचेरीतल्यांना वाटते, आपण कामगार नाही. पदाच्या नावात ‘मॅनेजर’ शब्द असतो, हाताखाली कोणी नसले तरी. आणि सरळ सांगावयाचे तर आमच्या सभा लांबतात, भाषणात घोषणा फार असतात, हिशेब कमी असतो. या मुलांना हिशेब आवडतो. वेतनचिठ्ठीचे गणित फळ्यावर मांडले की ती पाळी संपल्यावरही थांबतात.

गेल्या वेतनकराराच्या वेळची गोष्ट आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही. मागण्यांची यादी करावयास बसलो. जुन्या माणसांनी दिवाळीची भेटवस्तू मोठी हवी, असे सुचविले. सोन्याचे नाणे असावे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो समजण्यासारखा होता. पस्तिशीच्या आतबाहेरची मुले मागे बसली होती. त्यांच्यातील एकाने उठून सांगितले की, नाणे नको. कंपनीचा आरोग्यविमा बायको-मुलांपुरता आहे, त्यात आईवडिलांना घ्या. बाकीच्यांनी हात वर केले. व्यवस्थापनाने आधी वयाची अट घातली, मग निम्मा हप्ता कामगाराने भरावा म्हटले, मग सासू-सासऱ्यांचा प्रश्न निघाला. नोकरी करणाऱ्या मुलींनी आपल्या आईवडिलांसाठी तेच मागितले आणि त्यावर आणखी दोन बैठका गेल्या. सातव्या बैठकीत कलम बसले. मुलगी असली तर तिचेही आईवडील, वय ऐंशीपर्यंत, तीन लाखांचे छत्र, हप्ता कंपनीचा. नाण्याची मागणी यादीतून काढली, तेव्हा जुन्यांपैकी दोघे-तिघे नाराज होऊन बाहेर चहाला गेले. सही मात्र त्यांनी केली.